हाँगकाँगचं डिस्नेलँड : लहान आहे, म्हणूनच परवडलं

आधी निकाल सांगते, मग हिशेब. घरात दोन शाळकरी पोरं आणि गुडघ्याला पट्टा बांधणारी आजी असेल, पगार बेताचा असेल आणि परदेशातलं एकच थीम पार्क दाखवायचं असेल, तर हाँगकाँगला जा. हे डिस्नेच्या उद्यानांतलं लहानातलं, असं सगळे नाक मुरडून सांगतात. मला तोच त्याचा मोठा गुण वाटला.

मी सांगलीत पतसंस्थेत कॅशला बसते. दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजायची सवय, त्यामुळे स्वतःचे मोजताना हात जरा जास्तच आखडतो. या सहलीसाठी एक रिकरिंग लावलं होतं आणि भिशीचा नंबर दिवाळीच्या आधी लागेल असा मागून घेतला होता. म्हणजे आकडा पक्का होता आणि त्यात माणसं पाच बसवायची होती : आम्ही दोघं, नववीतली नव्हे, नऊ वर्षांची लेक, पाच वर्षांचा धाकटा आणि सासूबाई.

लेकीला अमेरिकेतलं डिस्ने हवं होतं. तिची समजूत मी कागदावरच काढली. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाची फी माणशी १८५ डॉलर, लहान मुलांनाही तेवढीच. पाच जणांचे ९२५ डॉलर, म्हणजे ऐंशी हजारांच्या घरात, आणि व्हिसा नाकारला तर हे पैसे परत नाहीत. पॅरिसला शेंगेन व्हिसा : मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या आतल्यांना फी नाही. आमचे ३१५ युरो झाले असते, वर व्हिसा केंद्राचे चार्जेस वेगळे. हाँगकाँगला भारतीय पासपोर्टवर व्हिसाच लागत नाही. इमिग्रेशनच्या वेबसाइटवर आगाऊ नोंदणी करायची, ती फुकट. ती सहा महिने चालते आणि एका वेळी चौदा दिवसांपर्यंत राहता येतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो मसाला इथे वाचतो.

या नोंदणीबद्दल दोन गोष्टी मात्र गाठ मारून ठेवा. एक, ती विमानाच्या तिकिटाआधी करा. मंजूर होईलच असं नसतं आणि नाही झाली तर रीतसर व्हिसा काढावा लागतो. दुसरं, पासपोर्टवर नाव जसं आहे तसं अक्षर न् अक्षर भरा. आपल्याकडच्या बायकांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना कधी कोरा असतो, कधी त्यात नवऱ्याचं नाव घुसलेलं असतं. सासूबाईंचा फॉर्म भरताना मी शेजारी पासपोर्ट उघडा ठेवून एकेक अक्षर पेन्सिलीने टेकवत गेले. धाकट्याचीसुद्धा स्वतंत्र नोंदणी लागते. मंजुरीची पावती पांढऱ्या ए-फोर कागदावर छापून सोबत ठेवायची. मोबाइलवरच्या फोटोच्या भरवशावर राहू नका.

आता तिकीट. उद्यानाचं तिकीट रोज एकाच भावाचं नसतं. गर्दीचा अंदाज बांधून दिवसांच्या पायऱ्या पाडलेल्या आहेत. स्वस्त दिवसाला मोठ्या माणसाचं तिकीट साडेसहाशे-सातशे हाँगकाँग डॉलरच्या आसपास, महागड्या दिवसाला नऊशेच्या पुढे. एक हाँगकाँग डॉलर म्हणजे आपले अकरा रुपये, थोडं इकडंतिकडं. तीन ते अकरा वर्षांच्या मुलांना कमी दर, तीनच्या आत फुकट. आणि साठ पूर्ण झालेल्यांना? १०० डॉलर. म्हणजे अकराशे-बाराशे रुपये. मी तो आकडा तीनदा वाचला, शून्य राहिलं की काय म्हणून. आजीचं तिकीट नातवाच्या तिकिटाच्या पाव हिश्श्यात! वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट सोबत असतोच. "आईंना कशाला, त्यांना काय कळतंय त्यातलं" असं आमच्याकडे एकदोघांनी सुचवलं होतं. त्यांचं तोंड या आकड्याने बंद झालं.

टूर कंपनीकडून आम्ही कोटेशन घेतलं होतं. नाव घेत नाही, कारण असली कोटेशनं बऱ्याच जणांची असतात. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात माणशी रक्कम. ती वाचून हे खूश. मी सवयीने शेवटच्या पानावर गेले. तिथे बारीक अक्षरात जीएसटी वेगळा, टीसीएस (कंपनी सरकारसाठी आगाऊ गोळा करते तो कर) वेगळा, ड्रायव्हर-गाइडची टिप सक्तीची आणि तीही डॉलरमध्ये, दुपारचं जेवण 'ऐच्छिक'. टीसीएसला घाबरू नका. तो कर तुमच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. पण पैसे आत्ता जातात आणि परत मिळायला पुढचं वर्ष उजाडतं. घरखर्चाच्या वहीत ही रक्कम आजची आज लिहावी लागते.

मला खरी खटकली ती कार्यक्रमपत्रिका. डिस्नेलँडचा दिवस : सकाळी अकराला हॉटेलवरून प्रस्थान, संध्याकाळी सहाला पार्किंगमध्ये जमणे. उद्यान साधारण साडेदहाला उघडतं आणि रात्री किल्ल्यावरचा मोठा कार्यक्रम बंद व्हायच्या सुमाराला होतो. म्हणजे सुरुवातीचा कमी रांगांचा तास गेला आणि शेवटची आतषबाजीही गेली. मधली उन्हाची आणि गर्दीची वेळ तेवढी आपली. ज्याच्यासाठी जायचं तेच कापलेलं. मी फोनवर विचारलं तर पलीकडचे साहेब म्हणाले, "मॅडम, सगळ्यांना बसमध्ये एकदम आणावं लागतं ना." त्यांचंही बरोबर आहे. पण मग मी का जाऊ? सगळं बुकिंग घरी बसून केलं.

तारखा ठरवणं हे या सहलीतलं सगळ्यांत कमाईचं काम. उन्हाळ्याच्या सुट्टीत जाऊ नका. मे-जूनमध्ये तिथे दमट उकाडा आणि धो धो पाऊस असतो, पुढे वादळांचा हंगाम. वादळाचा आठ नंबरचा इशारा लागला की शहर थांबतं आणि उद्यानही बंद होतं. १ ऑक्टोबरपासून चीनमध्ये मोठी सुट्टी असते, तेव्हा तिकीटही महाग आणि पायाला पाय लागतो. नाताळ आणि चिनी नववर्ष, तसंच. आपल्या शाळांची दिवाळीची सुट्टी या सगळ्यांच्या मधोमध पडते : हवा कोरडी व्हायला लागलेली, चीनची सुट्टी संपलेली, नाताळ लांब. आपल्याकडची विमानं तेवढी त्या दिवसांत महाग असतात, म्हणून ती जूनमध्येच काढून टाकायची. उद्यान काही दिवस बंदही असू शकतं. तारखांचं कॅलेंडर त्यांच्या साइटवर असतं, ते बघितल्याशिवाय काहीच बुक करू नका. शनिवार-रविवार सोडून मधला वार धरला की तिकिटाची पायरीही खाली उतरते.

राहायला आम्ही तुंग चुंगला राहिलो आणि ही शिफारस मी हात वर करून करीन. डिस्नेची स्वतःची तीन हॉटेलं उद्यानाला लागून आहेत, देखणी आहेत, पण पाच माणसांच्या दोन खोल्यांचं भाडं बघून मी ती खिडकी बंद केली. शहरात त्सिम शा त्सुईला हॉटेलं भरपूर, तिथून मेट्रोने उद्यान गाठता येतं, पण रात्री झोपलेलं पोर खांद्यावर घेऊन गाड्या बदलत जायचं. तुंग चुंग विमानतळाच्या शेजारी. विमानतळावरून एस-वन नावाची बस तिथे सोडते, तिचं तिकीट आपल्या रिक्षापेक्षा कमी. तुंग चुंगहून मेट्रोचं पुढचंच स्टेशन सनी बे, तिथे डिस्नेची छोटी गाडी उभी असते. तिच्या खिडक्या मिकीच्या डोक्याच्या आकाराच्या, धरायच्या कड्याही तशाच. धाकट्याला हात पोचत नव्हता म्हणून ह्यांनी त्याला उचललं, तर उतरायला तयार नाही. गाडीला ड्रायव्हर नाही हे सासूबाईंना आम्ही उतरल्यावर सांगितलं.

हॉटेलच्या भाड्यावर तीन टक्के कर २०२५ पासून पुन्हा लागू झाला आहे, साइटवरच्या भावात तो धरलाय का बघा. खोल्या आपल्या मानाने फार लहान. बॅगा उघडल्या की चालायला जागा नाही, त्यामुळे सामान कमी न्या. मोठ्या बुद्धाकडे जाणारा रोपवेही तुंग चुंगहूनच सुटतो. एक दिवस तिकडे घालवला. २६८ पायऱ्या आहेत. सासूबाईंनी खालूनच नमस्कार केला आणि तो पोचतो असं सांगितलं.

आता उद्यान.

२००५ साली उघडलेलं हे उद्यान एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आजीच्या चालीने जाता येतं. माझ्या लेखी सगळं पुराण इथे येतं. अमेरिकेत ऑरलँडोला डिस्नेची चार उद्यानं आहेत, टोकियो आणि पॅरिसला दोन-दोन. तिथे चार दिवसांची तिकिटं, चार दिवसांचं खाणं, चार दिवसांचं हॉटेल, आणि तरी काहीतरी राहिल्याची हुरहुर. इथे नीट ठरवलं तर एका दिवसात पोट भरतं. आम्ही दोन दिवसांचं तिकीट काढलं होतं, कारण दुसरा दिवस जवळजवळ निम्म्या भावात पडत होता आणि पोरं लहान होती. पोरं दहाच्या पुढची असतील तर एकच दिवस पुरे.

फेंगशुईच्या सल्ल्यावरून या उद्यानाच्या मुख्य दाराची दिशा बारा अंशांनी वळवलेली आहे. स्टेशनपासून दारापर्यंतच्या वाटेलाही मुद्दाम वळण दिलंय, सुदैव सरळ समुद्रात वाहून जाऊ नये म्हणून. वास्तुशास्त्रवाल्यांकडून भिंती पाडून घेणाऱ्या आपल्या लोकांना हे वाचून बरं वाटेल.

दार उघडल्याउघडल्या सगळे डावी-उजवीकडे रमतात, फोटो काढतात. तुम्ही थेट 'फ्रोझन' या डिस्नेच्या चित्रपटातल्या गावात जा. हे अरेंडेल नोव्हेंबर २०२३ मध्ये उघडलं, जगातलं असं पहिलं, आणि रांग तिथेच सर्वांत आधी लागते. लेकीला तिथून बाहेर काढणं अवघड गेलं. मला स्वतःला ते गोड वाटलं, तेवढंच.

मला भावला तो मिस्टिक मॅनर. २०१३ साली सुरू झालेली ही राइड जगात फक्त इथेच आहे. बाकीच्या बहुतेक डिस्नेत या जागी भुताचा वाडा असतो. इथे भूत नाही. लॉर्ड हेन्री मिस्टिक नावाचे एक गृहस्थ जगभरातून चीजवस्तू गोळा करून बंगल्यात मांडतात, त्यांचं अल्बर्ट नावाचं माकड एक जादूची संगीतपेटी उघडतं आणि तिच्यातून उडालेल्या चमचमत्या धुळीने एकेक वस्तू जिवंत होते. वाद्यं वाजायला लागतात, चित्रं हलतात, चिलखतं गायला लागतात. आपली गाडी रुळांवर चालत नाही, या दालनातून त्या दालनात गिरकी घेत सुटते, त्यामुळे पुढे काय हे कळतच नाही. धक्के नाहीत, उंचीची अट नाही. सासूबाई हातातली पिशवी घट्ट धरून बसल्या होत्या. पेटी उघडली तशा मोठ्यांदा म्हणाल्या, "हात लावू नको म्हणून सांगितलं असंल की त्याला!" बाहेर आल्यावर म्हणाल्या, परत एकदा बसू. आम्ही बसलो. दुपारी तिथे रांग फार नव्हती. शंभर डॉलर तिथेच फिटले.

उंचीची अट मात्र घरी बघून घ्या. ग्रिझली डोंगराची आगगाडी, जी मध्येच उलटी मागे पळते, तिला ११२ सेंटिमीटर लागतात. अंधारातल्या अंतराळाच्या राइडला १०२. आमचा धाकटा या दोन्हींच्या मधला. मी निघण्यापूर्वी घरातल्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने दोन्ही खुणा करून त्याला रोज उभं केलं होतं, म्हणजे नाही म्हटल्यावर तिथे रडारड नको. तरी ग्रिझलीच्या दाराशी मोजपट्टीखाली पठ्ठ्याने टाचा उचलल्या. तिथल्या मुलीने खाली वाकून त्याच्या बुटांकडे बघितलं, हसली आणि त्याला मिकीचं स्टिकर देऊन आमच्याकडे परत पाठवलं. हे आणि लेक जाऊन आले. आम्ही तिघं तोवर बोटीतून जंगल बघून आलो. बोटीला तीन भाषांच्या तीन रांगा असतात : कँटोनीज, मँडरिन आणि इंग्रजी. पाटी वाचून उभे राहा, नाहीतर विनोदाला सगळे हसतात आणि आपण एकमेकांची तोंडं बघतो.

रांग टाळायचा पास वेगळे पैसे देऊन मिळतो. मधल्या वाराला तो घेऊ नका. पाच माणसांचा हिशेब केला तर त्या पैशात एक रात्र हॉटेलची येते. शनिवारी जाणं भागच असेल आणि दिवस एकच असेल, तर विचार करा.

जेवणाचं : आत शाकाहारी मिळतं. मिस्टिक मॅनरच्या शेजारच्या एक्सप्लोरर्स क्लबमध्ये भारतीय पदार्थ असतात, ॲडव्हेंचरलँडमधल्या ताहितियन टेरेसमध्येही. आमटी-भाताची अपेक्षा धरून जाऊ नका, पण भात आणि मसालेदार काहीतरी समोर आलं की आजीचा चेहरा उजळतो. दर सगळ्याच उद्यानांत असतात तसे, बाहेरच्या दुप्पट धरून चाला. पाणी विकत घेऊ नका, प्यायच्या पाण्याचे नळ आत आहेत, रिकाम्या बाटल्या घेऊन जा. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि चिवडा आम्ही नेला होता, तो हॉटेलवर सकाळ-रात्रीसाठी. बाहेरचं जेवण उद्यानात नेऊन खायचं नाही असा नियम आहे. सकाळी दशम्या खाऊन निघालो की दुपारचं एकच जेवण आत घ्यावं लागतं.

दुकानांसाठी मी पोरांना प्रत्येकी ठरलेली रक्कम नोटांमध्ये हातात दिली होती. हा उपाय कुठल्याही सहलीत करून बघा. लेकीने दोन तास भाव वाचत काढले, शेवटी एक कानांचा पट्टा घेतला आणि उरलेले पैसे परत करायला नकार दिला.

पैसे देताना एक लक्षात ठेवा. कार्डाच्या मशीनवर "रुपये की हाँगकाँग डॉलर" असं विचारलं तर डॉलरच दाबा. रुपये ओळखीचे वाटतात, पण त्या रुपयांचा भाव मशीनवाला ठरवतो आणि तो आपल्या बाजूचा नसतो. साध्या क्रेडिट कार्डावर बँक साडेतीन टक्क्यांपर्यंत वरचा आकार आणि त्याच्यावर जीएसटी लावते, म्हणून मी फॉरेक्स कार्ड, म्हणजे परकीय चलन आधीच भरून ठेवायचं कार्ड, भरून नेलं. हाँगकाँग डॉलर अमेरिकन डॉलरला १९८३ पासून बांधलेला आहे, तेव्हा बातम्यांमध्ये अमेरिकन डॉलर चढताना दिसला की कार्ड भरायची घाई करा. मेट्रो, बस, किरकोळ दुकानं, सगळीकडे पैसे भरून ठेवायचं ऑक्टोपस कार्ड चालतं. मुलांचं वेगळं मागून घ्या, मेट्रोला त्यांचं भाडं निम्मं.

आता वहीतलं शेवटचं पान, गोळाबेरजेत. मुंबईहून थेट विमान, पाच जणांचं जाऊन-येऊन पावणेदोन लाखांच्या आसपास. हॉटेलच्या दोन खोल्या नव्वद हजार. जेवण, मेट्रो, रोपवे, खरेदी मिळून पन्नास-साठ हजार. विमा पाच हजारांच्या आत. सांगली ते मुंबई विमानतळ गाडी दोन्ही वेळची, टोलसकट, वीस हजार. हा खर्च पुण्या-मुंबईचे लोक सांगत नाहीत, कारण त्यांना तो नसतो. आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, त्या उद्यानाचं पाच जणांचं एका दिवसाचं तिकीट? तीस हजार. दुसरा दिवस धरून पंचेचाळीसच्या आसपास. एकूण चार लाखांत उद्यानाचा वाटा रुपयाला दहा-अकरा पैसे.

म्हणून कुणी विचारलं की डिस्नेच्या तिकिटावर सूट कुठे मिळते, तर मी म्हणते तिथे दोन-चारशे रुपये शोधत बसू नका. विमान काही महिने आधी काढून जे वाचतं ते त्याच्या दहापट असतं. आणि एकदा आत गेलात की रात्रीपर्यंत बाहेर येऊ नका. किल्ल्यावरचा 'मोमेंटस' हा प्रकाश, पाणी आणि आतषबाजीचा खेळ सुरू व्हायच्या पाऊण तास आधी आजीला बसायला कट्टा मिळेल असं बघा. त्याचे वेगळे पैसे नाहीत.

कुणी जाऊ नये तेही सांगते. घरातली पोरं चौदा-पंधराच्या पुढे गेली असतील आणि त्यांना पोटात गोळा आणणारे झोपाळे हवे असतील, तर दुपारी तीनलाच "आता काय?" सुरू होईल. त्यांच्यासाठी त्याच शहरात १९७७ पासूनचं ओशन पार्क आहे, पांडाही आहेत आणि डोंगरावरचे पाळणेही. पण तिथले चढ-उतार बघता आजीला त्या दिवशी हॉटेलवर ठेवा, नाहीतर स्टार फेरी नावाच्या बोटीत बसवा. चार-पाच डॉलरमध्ये बंदर बघून होतं आणि बसायला बाकही असतो.